सुडाचा वारसा

शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाची ओळख मराठी वाचकांस जुनी आहे. कै. गोपाळ गणेश आगरकर यांनीं ‘विकारविलसित’ या नांवानें त्याचें भाषांतर १८८३ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें गणपतराव जोशी यांनीं ती भूमिका रंगभूमीवर गाजविली. राजपुत्राचें वेड खरें कीं सोंग, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्हांस मात्र आज गृहस्थाश्रमी वाचकांचें लक्ष निराळ्या गोष्टीकडे वेधावयाचें आहे. ती ही कीं, या नाटकांत सूड बापाकडून मुलाकडे वारशानें येतो.

कथेचें मूळ भाऊबंदकींत आहे. डेन्मार्कचा राजा बागेंत निजला असतां त्याचा सख्खा भाऊ क्लॉडिअस कानांत विष ओतून त्यास मारितो, राज्य बळकावितो व राणीशीं विवाह करितो. मृत राजाचें भूत पुत्रास सुडाची आज्ञा देतें. आईस मात्र ईश्वरावर सोपव, असेंही बजावितें. परंतु एकदां सुटलेला सूड मर्यादा पाळीत नाहीं. पुत्राकरितां विष कालविलेला पेला शेवटीं तीच राणी पिते.

एका प्रवेशांत क्लॉडिअस एकटाच गुडघे टेकून प्रार्थना करीत असतो. हॅम्लेट तरवार उपसतो. पण प्रार्थनेंत मेलेला पापी स्वर्गास जाईल, म्हणून पुन्हा म्यान करितो. न्यायास देहदंड पुरतो. सुडास शत्रूचा परलोकही नासवावयाचा असतो! लगेच पुढल्या प्रवेशांत, पडद्याआड राजाच आहे असें समजून तो वार करितो आणि वृद्ध मंत्री पोलोनिअस प्राणास मुकतो. त्याची कन्या ओफीलिया वेडी होऊन बुडून मरते. त्याचा पुत्र लेअर्टीझ विषारी तरवार घेऊन द्वंद्वास उभा राहतो, आणि तो व हॅम्लेट दोघेही त्याच विषानें मरतात. नाटक संपेपर्यंत आठ जीव जातात. त्यांत मूळ खुनाचा अपराधी एकच.

याच नाटकांत नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिंब्रास आहे. त्याचा बाप हॅम्लेटच्या बापाच्या हातून पडलेला. तोही सैन्य जमवितो. पण चुलत्यानें कानउघाडणी करितांच डेन्मार्कवर शस्त्र न धरण्याचें वचन देतो. तो कांहीं साधु नव्हे. परंतु हा वारसा त्यानें टाकिला, आणि शेवटीं डेन्मार्कचें राज्य त्याच्याच हातीं येतें.

आपल्या भागवतांतील द्रौपदी तर याहून थोर. पांच निद्रिस्त पुत्रांचा घात करणारा अश्वत्थामा बांधून समोर आणिला असतां, माझ्यासारखी त्याची माता रडूं नये, म्हणून ती त्यास सोडावयास सांगते.

आमच्या घरांतून राज्यें नाहींत. पण वाटणीच्या वेळचीं गाऱ्हाणीं आहेत. तीं संध्याकाळीं नातवंडांस ऐकवितांना आपण कोवळ्या कानांत काय ओततों, याचा वडीलधाऱ्यांनीं विचार करावा. हॅम्लेट आणि लेअर्टीझ परस्परांस क्षमा करितात, पण ती मरतेवेळीं. आमच्या मुलांस ती जेवणाच्या पंक्तींत करितां यावी, एवढीच इच्छा.