टर्बो गाडीचा बूस्ट गेज अचूक आहे का? कुंभकोणमच्या सपाटीवर आणि कोडाईकनालच्या घाटात आकडे वेगळे का दिसतात

कुंभकोणम : टर्बोचार्जर असलेल्या गाडीतील बूस्ट गेज, म्हणजे इंजिनात दाबून भरल्या जाणाऱ्या हवेचा दाबमापक, एकाच गाडीत दोन ठिकाणी दोन वेगवेगळे आकडे दाखवू शकतो आणि ते दोन्ही बरोबर असू शकतात. तमिळनाडूतील कुंभकोणमहून कोडाईकनालचा घाट चढणाऱ्या गाडीत हा फरक ठळकपणे दिसतो. त्यामागचे कारण ठाऊक नसेल, तर धडधाकट टर्बो बदलण्याचा खर्च वाहनधारकाच्या माथी येतो. अथवा खरा बिघाड नजरेआड राहून इंजिनाला इजा पोहोचते.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनाबाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. ट्रक आणि बसच्या डिझेल इंजिनांत रुळलेले हे तंत्र आता लहान पेट्रोल मोटारींतही आले आहे. त्याबरोबर बूस्ट गेज बसवून घेण्याची किंवा गाडीच्या निदान सॉकेटला उपकरण जोडून मोबाइलवर दाब पाहण्याची हौसही वाढली आहे.

दाब कशाच्या तुलनेत?

गोंधळाचे मूळ येथेच आहे. दाब दोन प्रकारे सांगितला जातो. निर्वात पोकळीला शून्य मानून मोजलेला तो निरपेक्ष दाब. भोवतालच्या हवेला शून्य मानून मोजलेला तो सापेक्ष दाब. काट्याचा साधा गेज सापेक्ष दाब दाखवतो, तर गाडीच्या संगणकाला जोडलेला सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब मोजतो. समुद्रसपाटीवर हवेचा प्रमाण दाब १०१.३ किलोपास्कल असतो आणि उंचीबरोबर तो घटत जातो. कोडाईकनाल सुमारे २,१०० मीटर उंचीवर असून तेथे तो साधारण ७८ किलोपास्कल भरतो.

समजा, गाडीचा संगणक इंजिनात १८० किलोपास्कल निरपेक्ष दाब राखतो. कुंभकोणममध्ये गेज ७९ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ०.७९ बार दाखवेल. कोडाईकनालला तेवढाच निरपेक्ष दाब राखायचा, तर गेजवर १.०२ बार दिसेल. इंजिनातील दाब वाढलेला नसतो. बाहेरची हवा विरळ झालेली असते. मात्र टर्बोचे श्रम खरोखर वाढतात. सपाटीवर त्याला हवेचा दाब सुमारे १.८ पट करावा लागतो, तर डोंगरावर २.३ पट. म्हणूनच अनेक गाड्यांचे संगणक उंचीवर बूस्ट आपणहून मर्यादित ठेवतात.

जुन्या पद्धतीच्या, केवळ स्प्रिंगवर चालणाऱ्या वेस्टगेटमध्ये चित्र उलटे असते. तेथे गेज वरही जवळपास ०.७९ बारच दाखवतो. पण निरपेक्ष दाब १५७ किलोपास्कलपर्यंत उतरलेला असतो. काटा जागच्या जागी राहतो आणि गाडी मात्र घाटात दमते.

पहिली चाचणी इंजिन बंद असताना

गेजची परीक्षा गाडी सुरू करण्यापूर्वीच घेता येते. इंजिन बंद असताना काट्याच्या गेजने शून्य दाखवले पाहिजे. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, निरपेक्ष दाबाच्या सेन्सरने स्थानिक हवेचा दाब दाखवला पाहिजे. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून जेमतेम २५ मीटर उंचीवर असल्याने ही चाचणी येथे सोपी आहे. हवामान खात्याच्या वार्तापत्रातील दाब समुद्रसपाटीला अनुसरून दिलेला असतो आणि येथील प्रत्यक्ष दाबाशी त्याचा फरक सुमारे ०.३ किलोपास्कलच पडतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात तोच फरक सहा किलोपास्कलच्या आसपास जातो. तेथे वार्तापत्रातील आकडा थेट वापरल्यास चांगला सेन्सरही सदोष ठरेल.

मोबाइल ॲप वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काही ॲप निरपेक्ष दाबातून सरसकट १०१ वजा करतात. तसे असल्यास कोडाईकनालला इंजिन बंद असतानाही उणे २३ किलोपास्कल दिसेल. दुसरे म्हणजे, निदान सॉकेटमधून मिळणारा इनटेक दाबाचा प्रचलित आकडा २५५ किलोपास्कलच्या पुढे जात नाही. अधिक बूस्टच्या डिझेल इंजिनात आकडा तेथेच अडकला, तर तो टर्बोचा दोष नव्हे.

नळी कोठे जोडली आहे?

दाब कोठून घेतला, यावरही आकडा ठरतो. टर्बोच्या तोंडाशी तो सर्वाधिक असतो. इंटरकूलर आणि पाइपांतून जाताना काहीसा घटतो. इंजिनाला प्रत्यक्ष मिळणारा दाब पाहायचा असेल, तर पेट्रोल गाडीत थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवरून नळी घ्यावी लागते. तेथे इंजिन संथ चालू असताना काटा शून्याच्या खाली जाणे स्वाभाविक आहे. डिझेलमध्ये तो सहसा शून्याजवळच राहतो.

वेस्टगेटच्या नियंत्रण नळीला मात्र गेज जोडू नये. तो जोड सैल झाला वा नळी फाटली, तर वेस्टगेटपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही, झडप वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट मर्यादेपलीकडे जातो. मोजण्यासाठी लावलेले साधनच मग इंजिनाच्या मुळावर येते.

नळी उष्णता सोसणारी आणि शक्य तितकी आखूड असावी, तिला पीळ नसावा. काटा सतत थरथरत असल्यास बारीक छिद्राचा अवरोधक बसवतात. इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये अर्थिंग सैल असले, तरी आकडा सरकतो.

शंका आल्यास

आकडा कमी दिसला म्हणून लगेच टर्बोवर बोट ठेवू नये. खात्रीचा दुसरा गेज आणि हातपंप एकाच जोडावर लावून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. दोन्ही जुळले, तर गेज निर्दोष; मग इंटरकूलरचे पाइप, क्लॅम्प आणि वेस्टगेट तपासावेत. शिट्टीसारखा आवाज किंवा डिझेल गाडीचा वाढलेला काळा धूर ही हवागळतीची लक्षणे असू शकतात. गेजची अचूकताही ध्यानात घ्यावी. चार बार क्षमतेच्या, १.६ टक्के अचूकतेच्या गेजमध्ये सुमारे ०.०६ बारचा फरक दोष मानला जात नाही.

गेजवरचा आकडा कमी भासतो म्हणून बूस्ट वाढवून घेणे सर्वांत धोक्याचे. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत आणि अशा बदलामुळे वॉरंटीचा दावाही अडचणीत येऊ शकतो. आकड्यासोबत ठिकाणाची उंची, दाबाचा प्रकार आणि नळीची जागा नोंदवून ठेवल्यास मेकॅनिकलाही निदान करणे सुलभ होते.