कमांड लाइनमधून होणारी माहितीगळती

कळफलकावर आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात, आणि अशा आज्ञा पाळणारे जे छोटे प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येतात त्यांना युटिलिटी म्हणतात. त्यांच्यातील ज्या उणिवेमुळे अधिकार नसलेल्या व्यक्तीला दुसऱ्याची माहिती दिसते, तिला माहितीगळतीची त्रुटी म्हटले जाते.

अमरावती-अकोल्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच लिनक्स सर्व्हरवर अनेक विद्यार्थ्यांची खाती असतील, तर या त्रुटीचे गांभीर्य वाढते. 'पीएस' ही युटिलिटी चालू प्रोग्रॅमची यादी देते आणि त्यांच्या संपूर्ण आज्ञाही दाखवू शकते. त्यामुळे आज्ञेतच पासवर्ड लिहिला असेल, तर तो इतर खातेदारांना वाचता येऊ शकतो. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये लिनक्समध्ये 'हाइडपिड' हा पर्याय आला, परंतु तो व्यवस्थापकाला स्वतः चालू करावा लागतो.

२०२२ मध्ये 'सीएचएसएच' आणि 'सीएचएफएन' या युटिलिटींच्या काही आवृत्त्यांत अधिक सूक्ष्म त्रुटी आढळली. स्वतःच्या खात्याचा तपशील बदलता यावा म्हणून या युटिलिटी सर्वोच्च अधिकाराने चालतात. वापरकर्त्याने मांडणीची फाइल म्हणून एखाद्या गोपनीय फाइलचे नाव पुरवले, की त्या ती उघडत आणि मजकूर न उमगल्याची तक्रार करताना त्यातील अंश पडद्यावर छापत. या युटिलिटी ज्या संचात येतात, त्या 'युटिल-लिनक्स'च्या २.३७.४ या आवृत्तीत हा दोष दूर झाला.

म्हणूनच व्यवस्थापकाने युटिलिटी अद्ययावत ठेवाव्यात, सर्वोच्च अधिकाराने चालणारे प्रोग्रॅम मोजके ठेवावेत आणि वापरकर्त्यांनी पासवर्ड आज्ञेत कधीही लिहू नये.