‘मॅडम, पाच मिनिटं होती का?’

संक्रांत सरली की आमच्या विभागातला फोन वाजायला लागतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे मराठीच्या प्राध्यापकांना मागणी. लगेच २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन, त्यामुळे शेजारच्या फिजिक्सच्या सरांना मागणी. मग ८ मार्च. त्या दिवशी विषय कोणताही चालतो, फक्त वक्ता बाई असली पाहिजे. अधेमधे वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण, दोन कवितासंग्रहांच्या प्रस्तावना, कुणाच्या तरी भाचीला ‘करिअरबद्दल थोडं मार्गदर्शन’. प्रत्येक फोनची सुरुवात मात्र एकच असते : मॅडम, पाच मिनिटं होती का?

नाही कसं म्हणायचं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. त्याआधी वीसेक वर्षं बहुतेकांना मी हो म्हटलं आणि उरलेल्यांना ‘बघते’. यातलं ‘बघते’ जास्त वाईट होतं, त्याकडे येईनच. आधी आमच्या वेळेबद्दलचे काही समज निस्तरू.

गैरसमज : प्राध्यापकांना काय, आठवड्याला सोळा तास काम!

सोळा हा आकडा हवेतून आलेला नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन नेमून दिलेलं आहे. लोक नेमके तिथे वाचायचं थांबतात. एकूण कार्यभार आठवड्याला किमान ४० तास, असंही तीच नियमावली सांगते. उरलेले २४ तास तासाच्या तयारीत, चाचण्यांत, कॅपला, म्हणजे मध्यवर्ती मूल्यमापन केंद्राला जाऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसण्यात, प्रवेश समितीत आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींत जातात. पीएचडीचे विद्यार्थी वेगळे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठपर्यंत असू शकतात आणि प्रत्येकाचं प्रकरण तिसरं कायम अडकलेलं असतं.

शिवाय एक काम बाहेर कुणाला दिसतच नाही. नियतकालिकाकडून कुणाचा तरी शोधनिबंध येतो, तो वाचून त्यावर अभिप्राय लिहायचा, बहुतेकदा फुकट. जगभरातल्या संशोधकांनी एकट्या २०२० साली या कामात दहा कोटींहून अधिक तास घातले, असा अंदाज २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला आहे. हे तास कुणाच्याही टाइमटेबलवर नसतात. म्हणून स्टाफरूममध्ये खिडकीशी बसून वाचणारा माणूस दिसला की तो मोकळाच आहे, असं शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळ्यांना वाटतं.

गैरसमज : पाच मिनिटांचं तर काम आहे.

एका २७ फेब्रुवारीचा हिशेब देते. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, कार्यक्रम अकराचा, माझं भाषण चाळीस मिनिटांचं. त्यासाठी सातची एसटी. साडेदहाला पोचले, तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहे आणि चहा. मग संस्थेच्या नव्या इमारतीचा फेरफटका. साडेअकराला दीपप्रज्वलन, त्यात मेणबत्ती दोनदा विझली. ईशस्तवन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, ग्रंथभेट. प्रास्ताविक पंचवीस मिनिटांचं, त्यात कॉलेजचा स्थापनेपासूनचा इतिहास. माझा परिचय करून देणाऱ्या तरुण प्राध्यापकाने माझी सगळी प्रकाशनं वाचून दाखवली, चुकीच्या वर्षांसकट. मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा बारा पन्नास झाले होते आणि मागून चिठ्ठी आली : ‘मुलांच्या जेवणाची वेळ. कृपया थोडक्यात.’ अठरा मिनिटं बोलले. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

त्या मंडळींनी काही वावगं केलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी माझं मनापासून आगतस्वागत केलं. फक्त अठरा मिनिटांना माझे अकरा तास लागले, आणि त्यात आदल्या रात्रीची तयारी धरलेली नाही.

फोनवरची खरीखुरी पाच मिनिटंही पाचात संपत नाहीत. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यापाशीच घुटमळत राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांनी दाखवलं. लिहिण्याचं काम करणाऱ्याला हे सांगायला प्रयोगाची गरज नाही म्हणा. फोन ठेवल्यावर आपण पडद्यावरचं अर्धं वाक्य चार वेळा वाचतो, आणि ते कुठे चाललं होतं ते आठवत नाही.

गैरसमज : मोठी माणसं कुणाला नाही म्हणत नाहीत.

हा समज मला सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण खरोखर मोठं काम केलेली माणसं नाही म्हणण्यात पटाईत असतात. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांना १९६२ साली नोबेल मिळालं आणि पत्रांचा पूर आला. त्यांनी चक्क एक कार्ड छापून घेतलं. पत्राबद्दल आभार, पण आपलं निमंत्रण स्वीकारता येत नाही याचं वाईट वाटतं, असा वरचा मजकूर. खाली यादी : सही पाठवणे, फोटो देणे, मुलाखत देणे, रेडिओवर बोलणे, हस्तलिखित वाचणे, भाषण करणे, अध्यक्ष होणे, संपादक होणे, मानद पदवी स्वीकारणे. तुमचा आजार बरा करणे, हीसुद्धा त्यातली एक ओळ होती. समोरच्याने जे मागितलं असेल त्यापुढे खूण करायची आणि कार्ड टपालात टाकायचं. आपल्याकडे असं कार्ड कुणी छापलं तर माणूस शेफारला म्हणतील. पण त्या कार्डात प्रत्येकाला उत्तर होतं. कुणालाही सहा महिने ताटकळत ठेवलेलं नव्हतं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १ जानेवारी १९९०पासून ईमेल वापरणंच सोडलं. ते १९६२पासून एक बहुखंडी ग्रंथ लिहीत आहेत, त्यासाठी त्यांना सलग वेळ हवा होता. त्यांना गाठता येतं, पण साध्या टपालाने. पत्रं साठवून ते एकदमच त्यांच्याकडे बघतात. ग्रंथात चूक काढून दाखवणाऱ्याला मात्र ते २.५६ डॉलरचं बक्षीस देतात. जे पत्र त्यांच्या कामाला लागतं त्याला बक्षीस, बाकीची पत्रं सवडीने.

मला सगळ्यात भावतो तो आपल्या पुण्यातला दाखला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९८८ ते २००३ ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक होते. मुलांसाठीचं व्याख्यान संपलं की सहीसाठी वह्यांचा गराडा पडायचा. नारळीकर तिथे सह्या करत नसत. मला एक पोस्टकार्ड पाठव, त्यावर तुला पडलेला विज्ञानातला प्रश्न लिही, मी उत्तर पाठवेन आणि त्याखाली माझी सही असेल, असं ते मुलांना सांगत. आणि उत्तरं खरोखर जात.

या साध्या कार्डाने केवढं काम केलं बघा. नुसती सही हवी असलेला मुलगा आपोआप गळाला. ज्याला प्रश्न होता त्याला घरी जाऊन तो शब्दांत मांडावा लागला. उत्तर द्यायचं ते गर्दीत उभ्याने नव्हे, आपल्या टेबलापाशी, आपल्या सवडीने. शिवाय कार्डावर जागाच तेवढी, म्हणून उत्तरही आटोपशीर. इतकं करून मुलाच्या हाती नुसत्या सहीपेक्षा जास्त काहीतरी पडलं. वेळेला कुंपण घालायचं म्हणजे माणसांना तोडायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या पोस्टकार्डाकडे बघावं.

आता एक खोडही काढते. क्रिक आणि क्नूथ यांची नावंच एवढी मोठी की त्यांचं नाही लोकांनी कौतुकाने घेतलं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन तर सांगत की आपण बेजबाबदार आहोत अशी हूल आपणच उठवून दिली आहे, म्हणजे समित्यांवर कुणी घेत नाही. वाचायला मजा येते. पण फाइनमन ज्या समितीवर बसले नाहीत, तिथे दुसरं कुणीतरी बसलंच असेल ना?

गैरसमज : नाही म्हणायला न जमणं हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा दोष आहे.

ते दुसरं कुणीतरी कोण असतं, हे काही अर्थशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं. लिंडा बॅबकॉक, लीसे व्हेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गटापुढे असं काम ठेवलं, की ते कुणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याला त्याचा फायदा इतरांपेक्षा कमी. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत हे काम अंगावर घेण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत ४८ टक्क्यांनी जास्त निघाली. विनंती करण्याचा अधिकार एकाकडे दिला तर विनंत्याही स्त्रियांनाच जास्त गेल्या, आणि त्यांनी ७६ टक्के वेळा हो म्हटलं. पुरुषांनी ५१ टक्के वेळा. गंमत पुढेच आहे. गटात सगळे पुरुषच असले तर तेही मुकाट्याने हात वर करतात. सगळ्या स्त्रिया आणि सगळे पुरुष अशा वेगवेगळ्या गटांत काही फरक उरत नाही. म्हणजे हा बायकांचा ‘स्वभाव’ नव्हे. बाई समोर असली की ती करेल, हे सगळ्यांनी, तिच्यासकट, गृहीत धरलेलं असतं.

आमच्याकडे सूत्रसंचालन मॅडमकडे आणि अध्यक्षीय समारोप सरांकडे का जातो, याचं याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही. तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांचं तर बोलायलाच नको. त्यांना पैसे घेतलेल्या तासांचेच मिळतात, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ते नाही म्हणताना डोळ्यांपुढे असतं. ‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला त्यांना देण्याआधी त्यांच्या विभागप्रमुखाने स्वतः त्यांच्या वतीने दोन ठिकाणी नाही म्हणावं.

गैरसमज : कार्यक्रम तीन महिन्यांनी आहे, तोवर मोकळ्या व्हाल.

होत नाही. पुढे आपल्याकडे आत्तापेक्षा जास्त वेळ असेल, असं माणसाला सतत वाटत राहतं. झाउबरमन आणि लिंच या दोघांनी २००५ साली यावर एक निबंधच लिहिला आहे. माझी कसोटी सोपी आहे. हेच निमंत्रण येत्या गुरुवारचं असतं तर गेले असते का? नसते, तर मेमध्येही जाणार नाही.

गैरसमज : स्पष्ट नाही म्हणणं उद्धटपणाचं, ‘बघते’ म्हणावं.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक घरी आले. हाताने लिहिलेल्या ब्याण्णव कविता, खाकी कव्हर घातलेल्या दोनशे पानी वहीत. प्रस्तावना हवी होती. माझ्या टेबलावर तेव्हा दोन प्रबंध पडले होते. मला तिथेच सांगता आलं असतं. मी म्हटलं, ‘बघते सर, सुट्टीत नक्की.’ मे गेला. जूनमध्ये त्यांचा फोन आला, मी म्हटलं ॲडमिशन चालू आहेत. दिवाळीत त्यांनी फोन केला नाही, मला हायसं वाटलं. जानेवारीत पुस्तक टपालाने आलं. आत प्रस्तावना नव्हती. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात ‘सप्रेम भेट’ आणि खाली सही. आठ महिने त्यांनी छापखाना माझ्यासाठी थांबवला होता, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून समजलं.

मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं तर त्यांना एक संध्याकाळ वाईट वाटलं असतं आणि आठवड्याभरात दुसरं कुणी मिळालं असतं. ‘बघते’ हा शब्द मी त्यांच्या भल्यासाठी वापरला नव्हता. समोरच्या माणसाचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता, इतकंच.

गैरसमज : नाही म्हणणारी माणसं विद्यार्थ्यांनाही भेटत नाहीत.

उलट भेटतात. बुधवारी दोन ते चार माझं दार उघडं असतं, त्या वेळात मी बाहेरचा फोन घेत नाही. बाहेरचा कार्यक्रम महिन्याला एक. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेने बोलावलं तर तिचा नंबर पहिला. प्रस्तावना लिहीत नाही, कुणाचीच नाही; एकाची लिहिली की दुसऱ्याला काय सांगणार? उत्तर दोन दिवसांत देते, बहुधा तीन ओळींचं : बोलावल्याबद्दल आभार, जमणार नाही, अमुक विषयावर चांगलं बोलणारे आमच्याकडे अमुक आहेत, त्यांना विचारून पाहा. कारण लिहीत नाही. कारण दिलं की लोक ते सोडवून दाखवतात. ‘मॅडम, गाडी पाठवतो’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की गाडी हे कारण मी आता देतच नाही.

बोलावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तारीख, प्रत्यक्ष बोलण्याची मिनिटं, समोर कोण बसणार आणि त्याआधी किती सत्कार आहेत, हे चार ओळींत आधी लिहून पाठवा. आणि मराठीचा माणूस २७ फेब्रुवारीलाच हवा, असं काही नाही. ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी बोलावून बघा. बहुतेक येईन.