दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेतली नोंद वाचा



शाळेचे नियम म्हटले की आपल्याला गणवेश, फी, हजेरी आठवते. आज आम्ही बोलणार आहोत एका रजिस्टरबद्दल. ते मुख्याध्यापकांच्या ऑफिसातल्या कपाटात असतं आणि त्याला म्हणतात जनरल रजिस्टर. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, सगळं त्यात लिहिलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला ही त्याच नोंदीची नक्कल. दहावीच्या फॉर्मवरही हीच माहिती जाते.

ही नोंद होते पहिलीत नाव घालताना. पुढे पाचवीला किंवा आठवीला मूल हायस्कूलमध्ये गेलं की जुन्या दाखल्यावरून नोंद उतरवून घेतात. म्हणजे पहिलीतली चूकही मुलाबरोबर नव्या शाळेत येते. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येणाऱ्या घरांतली मुलं शाळा बदलतात, त्यांच्या आईवडिलांनी तर हे नक्की तपासावं.

काय तपासायचं? नाव, आडनाव, आईचं नाव आणि त्यांचं इंग्रजी स्पेलिंग. जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळते का? आणि जात पूर्ण लिहिली आहे का? 'महादेव कोळी' ही अनुसूचित जमात आहे. दाखल्यावर नुसतं 'कोळी' लिहिलं असेल, तर जात पडताळणीच्या वेळी तोच कागद आडवा येतो. या पडताळणीत वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखलेही पुरावा म्हणून बघतात. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद मोलाची, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीची. म्हणून घरातले जुने दाखले जपून ठेवा.

चूक सापडली तर घाबरू नका, पण थांबूही नका. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे दुरुस्तीची खरी वेळ म्हणजे मूल शाळेत असतानाची. पालकांनी पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यायचा. तिथून तो मंजुरीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्यावर मात्र उघड दिसणारी लेखनाची चूक तेवढी दुरुस्त होऊ शकते, तीही परवानगीने. आधी चूक कुठे झाली ते शोधा. प्राथमिक शाळेचा दाखला बरोबर असेल आणि हायस्कूलने उतरवताना चुकवलं असेल, तर तो दाखला दाखवा. मुळातच चूक असेल तर आधी प्राथमिक शाळेत जावं लागेल. अर्जाची एक प्रत करा आणि त्यावर शाळेचा शिक्का, तारीख घ्या.

दहावीचे फॉर्म शाळाच ऑनलाइन भरते. त्यानंतर प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची छापील यादी तपासायला येते आणि तिच्यावर मुलांच्या सह्या घेतात. आपल्या मुलीला सांगून ठेवा, वाचल्याशिवाय सही करायची नाही. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार, या चार जिल्ह्यांचं काम नाशिक विभागीय मंडळ बघतं. निकालानंतर प्रमाणपत्रावरची चूकही शाळेमार्फत तिथेच पाठवावी लागते.

आता दाखल्याचीच गोष्ट. फी थकली म्हणून दाखला अडवला, अशी तक्रार बऱ्याच घरांतून ऐकू येते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला यायला वेळ लागला, म्हणून नवी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीसाठी राज्य सरकारने २०२१ साली सांगितलं की, दाखला नसला तरी सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांनी मुलांना प्रवेश द्यावा. कोणी अडवलं तर जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

शेवटचं एक. अकरावीला मूळ दाखला कॉलेजात जमा होतो. तो देण्याआधी दोन झेरॉक्स काढून एक घरी ठेवा. आणि आपलं मूल आठवीत, नववीत असेल, तर याच आठवड्यात शाळेत जाऊन रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगा. जाताना जन्मदाखला आणि जुना दाखला बरोबर न्या, आणि एकेक शब्द जुळवून बघा.