शाळेचा पहिला पंधरवडा

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडल्या म्हणजे करी रोड स्टेशनचा पूल नव्या दप्तरांनी व ओल्या छत्र्यांनी भरून जातो. लालबागच्या चाळींतून आणि लोअर परळच्या बाजूने निघालेली ही बालसेना पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. परंतु मूल वर्गात जाऊन बसले की शिक्षणाचे कार्य झाले, असा जो समज आमच्या समाजात रूढ आहे, तो घातक आहे असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

मूल शाळेत येणे हीसुद्धा ह्या भागास आयती मिळालेली गोष्ट नव्हे. नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची वाट मोकळी करणारे बिल 1911 साली वरिष्ठ कौन्सिलात मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. त्याच 1911 साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व कामगारांकरिता रात्रीच्या शाळा चालविण्याचे काम तिने अंगावर घेतले. पुढे 1925 साली मुंबईत सक्तीच्या शिक्षणास आरंभ झाला तो एफ् व जी ह्या वॉर्डांत, म्हणजे गिरण्यांच्याच मुलखात. आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळालेला आहे.

परंतु सक्तीने मुलाचे शरीर वर्गात आणता येते, मन आणता येत नाही. मे महिना गावी घालवून आलेल्या मुलाचे गेल्या वर्षीचे धडे गंजलेले असतात. वर्ग नवा, शिक्षक नवे. चाळ पुनर्विकासास गेल्यामुळे शेजारचा सोबती दूर कोठे राहावयास गेलेला. अशा स्थितीत दुसऱ्याच दिवशी पहिला धडा सुरू होतो. ज्यास नीट वाचता येत नाही ते मूल ओठ हलवून वेळ मारून नेते, आणि त्याच्या मुकेपणास आपण शिस्त समजतो! भ्यालेल्या मुलाचे सारे लक्ष भीतीकडे असते. पाठाकडे ते उरणार कोठून?

2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई केली आहे. हातातील छडी बरीचशी गेली. जिभेची छडी मात्र अजून चालू आहे. चारचौघांत ‘ढ’ म्हणणे किंवा वही नाही म्हणून उभे करणे, हे वळ अंगावर दिसत नाहीत, इतकेच.

कोणी म्हणतील, वर्ग मोठे, अभ्यासक्रम लांबलचक, त्यात शिक्षकांच्या माथी निवडणुकीची व खानेसुमारीची कामे. हे खोटे नाही. पण ज्या भिंतीचा पाया कच्चा, तिच्यावर घाईने वीट चढवून वेळ वाचत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, पहिला पंधरवडा मुलांची ओळख करून घेण्यास द्यावा. प्रत्येक मुलास शिक्षकाने एकट्याने, गुण न देता, थोडे वाचावयास लावावे; फळा दिसतो की नाही, मूल खाऊन आले आहे की नाही, हे पाहावे. 1926 साली गिजुभाईंसमवेत नूतन बाल शिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई मोडक यांनी मुलाच्या कलाने शिकविण्याची रीत महाराष्ट्रात रुजविली; ती आपणांस परकी नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नवाच्या आधी भरवू नयेत, असा आदेश सरकारने 2024 साली काढला, तोही लहान मुलांच्या झोपेच्याच विचाराने.

आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द. आपल्या दुकानांतील नोकरांस पालकसभेपुरती दोन तासांची मोकळीक द्यावी. त्याने गल्ला रिकामा होणार नाही. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे तर 2016 च्या दुरुस्तीने सर्वच धंद्यांत गुन्हा ठरले आहे. घरच्या धंद्यात मदतीची जी सवलत आहे, तीही शाळा सुटल्यानंतरची किंवा सुट्टीतली. आणि आईबापांनी संध्याकाळी गुणांची चौकशी करण्याआधी, ‘आज कोणाशेजारी बसलास?’ एवढे विचारावे. त्या उत्तरातून मुलाचे अर्धे सुखदुःख कळते.

ज्या गिरणगावात सक्तीच्या शिक्षणास आरंभ झाला, तेथूनच निर्भय शिक्षणासही आरंभ व्हावा, अशी आमची शिक्षकांस, पालकांस व नागरिकांस आग्रहाची विनंती आहे.