वरच्या मजल्याची केबिन आणि बोट लागण्याची भीती

दिवाळीच्या सुट्ट्या ठरू लागल्या की सांगवी, पिंपळे गुरवच्या सोसायट्यांत आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये मुंबई-गोवा क्रूझचा विषय निघतोच. आणि विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: "बोट लागते ना तुम्हाला? मग चार पैसे जास्त टाका आणि सगळ्यात वरची, बाल्कनीची केबिन घ्या. खाली जीव घाबरतो." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला साफ उलटा आहे. ज्याला बोट लागते त्याने जादा पैसे मोजून जहाजातली सर्वांत जास्त हलणारी जागा घ्यावी, असं त्याचं सार निघतं. कित्येक एजंटही या समजुतीला दुजोरा देतात, कारण महाग केबिन विकली गेली तर त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन रात्रींच्या सहलीतली एक रात्र बाथरूममध्ये काढणाऱ्या माणसाचं.

ही समजूत कुठून आली असावी हे आपल्या भागात राहणाऱ्याला सहज कळेल. नवी सांगवीत फ्लॅट घ्यायला गेलं की बिल्डर मजल्यागणिक फ्लोअर राइज लावतो. वर हवा जास्त, उजेड जास्त, डास कमी, म्हणून भाव जास्त. इमारतीच्या बाबतीत हा हिशेब ठीक आहे, कारण इमारत जागची हलत नाही. जहाज मात्र दोन प्रकारे झुलतं. एक, डावीकडे-उजवीकडे कलतं. दुसरं, नाळ म्हणजे पुढचं टोक वर आणि मागची बाजू खाली, मग उलट, असं लांबीच्या दिशेने डोलतं. पहिल्या झोक्याचा अक्ष ढोबळमानाने पाण्याच्या पातळीजवळ असतो आणि दुसऱ्याचा जहाजाच्या मध्याजवळ. अक्षापासून तुम्ही जितके लांब, तितका तुमचा झोका मोठा. शाळेतल्या त्रिकोणमितीने हिशेब करून पाहा. जहाज दोन अंश कललं, तर अक्षापासून २५ मीटर उंचीवरची केबिन सुमारे ८७ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट बाजूला सरकते. पाच मीटर उंचीवरची केबिन फक्त १७ सेंटीमीटर. जहाज एक अंश डोललं, तर मध्यापासून ९० मीटरवर, नाळेजवळ झोपलेला माणूस दीड मीटर वर-खाली होतो आणि मध्यापासून १० मीटरवरचा १७ सेंटीमीटर. जहाज तेच, लाटा त्याच, भाडंही कदाचित खालच्या माणसाचं कमी. म्हणून बोट लागणाऱ्याची जागा खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी. यात मतभेदाला जागा नाही.

यावर काही जण सांगतात की गेटवेहून घारापुरीला किंवा मांडव्याला लाँचने जाताना तळाशी बसलो तरी उलटी झाली. झाली असेल, पण लाँचचा अनुभव क्रूझला लावता येत नाही. खोल पाण्यात लाटेची लांबी तिच्या कालावधीच्या वर्गावर अवलंबून असते. पाच-सहा सेकंदांनी येणाऱ्या वाऱ्याच्या लाटा साधारण ४० ते ५५ मीटर लांबीच्या असतात. पंधरा-वीस मीटरची लाँच अशा प्रत्येक लाटेवर चढते आणि उतरते. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून ज्या जहाजाने कॉर्डेलिया कंपनीच्या सफरी सुरू झाल्या ते 'एम्प्रेस' सुमारे २१० मीटर लांबीचं आहे. ते एका वेळी अशा चार-पाच लाटांवर पसरलेलं असतं आणि त्यांची उचल एकमेकींना बऱ्याच अंशी मारते. शिवाय अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. कल जाणवला की ते कोन बदलून त्याला विरोध करतात. त्यांनी बाजूचा झोका बराच कमी होतो, पण लांबीच्या दिशेचं डोलणं ते थांबवत नाहीत, आणि जहाज उभं असताना त्यांचा फारसा उपयोग नसतो. तेव्हा "आजकालच्या जहाजात काही जाणवतच नाही" हा एजंटचा दावा अर्धाच खरा.

बोट लागण्याचा दोष पोटाला देणं हाही जुना समज. उगम आतल्या कानात आहे. तिथली तोल सांभाळणारी इंद्रियं मेंदूला सांगतात की शरीर हलतंय, आणि केबिनच्या स्थिर भिंती पाहणारे डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. ज्यांच्या दोन्ही आतल्या कानांचं हे काम बंद पडलेलं असतं त्यांना बोट लागत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आलं होतं. ओहॅनलन आणि मॅकॉली यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी उभी हालचाल सर्वांत त्रासदायक ठरली. म्हणजे नुसतं "हलणं" वाईट नाही, संथपणे वर-खाली होणं वाईट, आणि ते नाळेच्या टोकाशी सर्वांत जास्त असतं. उपाशी राहिल्याने बोट लागत नाही हे खोटं. हलकं खाऊन निघणं बरं. आलं खाल्ल्याने फायदा होतो याचे पुरावे संमिश्र आहेत, पण त्याने नुकसान नाही. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या उपयोगी आहेत, पण त्रास सुरू होण्याआधी घेतल्या तर. उलट्या सुरू झाल्यावर गिळलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

बोट लागण्याच्या भीतीपायी एक अन्यायही होतो, तो घरातल्या ज्येष्ठांवर. "आई-बाबांना नको, त्यांना झेपणार नाही" असं म्हणून त्यांना घरी ठेवलं जातं. वस्तुस्थिती अशी की बोट लागण्याचं प्रमाण शाळकरी वयात सर्वांत जास्त असतं आणि पुढे वयानुसार कमी होत जातं. खंडाळ्याच्या घाटात पिशवी मागणारा नातू जहाजावर त्रासण्याची शक्यता आजीपेक्षा जास्त. आजींसाठी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: लिफ्टपासून केबिन किती लांब आहे, बाथरूमला उंबरा आहे का, जहाज बंदराला लागणार आहे की दूर नांगर टाकणार आहे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज बाहेर थांबतं आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर जातात. गुडघे दुखणाऱ्यासाठी खरी परीक्षा ती बोट बदलताना असते, आणि समुद्र उसळलेला असेल तर किनाऱ्यावर जाणं रद्दही होतं.

बाल्कनीच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे: क्षितिज पाहिलं की डोळे आणि कान यांचा मेळ बसतो आणि मळमळ कमी होते. पण ते क्षितिज मधल्या उघड्या डेकवरून कुणालाही, कसलेही जादा पैसे न देता दिसतं, आणि रात्री बाल्कनीतूनही दिसत नाही. खालच्या केबिनमध्ये गुदमरतं हा आक्षेपही टिकत नाही, कारण हवा सगळ्या जहाजात यंत्रानेच खेळवली जाते. ज्याला बंद खोलीची धास्ती वाटते त्याने खिडकीची केबिन घ्यावी. ती खालच्या डेकवरही मिळते. इंजिनाची थरथर खरी आहे, पण ती मागच्या टोकाला. खाली आणि मागे नको, खाली आणि मध्ये हवी. जिच्या वर नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर आहे ती केबिनही टाळावी. बोट अजिबात लागत नसेल आणि सकाळचा चहा समुद्राकडे बघत घ्यायचा असेल, तर बाल्कनी जरूर घ्या. तो आनंद खरा आहे. औषध समजून मात्र घेऊ नका.

केबिनपेक्षाही मोठा फरक महिन्याने पडतो, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. अरबी समुद्र नोव्हेंबर ते मार्च बहुधा शांत असतो. जून ते सप्टेंबर तो खवळलेला असतो. म्हणूनच जून २०२३ मध्ये हेच 'एम्प्रेस' चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरींना लागलं होतं. मान्सूनच्या आधी आणि नंतर चक्रीवादळांचा काळ असतो, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरच्या तारखा हवामान खात्याचा अंदाज पाहत ठेवाव्यात. कोकणातल्या घरांत समुद्रप्रवास म्हटला की अजूनही 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी ती मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण खोटी ठरवण्याची गरज नाही, पण तिच्यातली तारीख वाचावी: भर पावसाळा. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लांब पल्ल्याच्या प्रवासी जहाजावर जितकी माणसं असतील त्यांच्या सव्वापट जागा जीवरक्षक नौका आणि तराफे मिळून असावी लागते. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडून ३२ जण मरण पावले. त्यानंतर नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणं सक्तीचं झालं. ती कवायत चुकवून बुफेच्या रांगेत उभं राहू नये.

बाकीचे समज थोडक्यात. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपसाठी पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र लागतं; श्रीलंकेसाठी मात्र पासपोर्ट लागतो. "तिकिटात सगळं आलं" हे अपुरं आहे. जाहिरातीतला दर बहुधा दोघांनी केबिन वाटून घेतल्यावर माणशी असतो, आणि त्यात बंदर शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क, दारू, वायफाय आणि किनाऱ्यावरची भटकंती धरलेली नसू शकते. एकूण आकडा लेखी मागा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर बिल भलतंच येतं. जहाज म्हणजे रोगराईचं आगर हेही अतिरंजित: अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मते तिथल्या नोंद झालेल्या नोरोव्हायरसच्या उद्रेकांपैकी क्रूझवरचे सुमारे एक टक्का आहेत. हात मात्र साबणाने धुवा, या विषाणूवर सॅनिटायझर फार चालत नाही. आणि शनिवार-रविवारीच जावं लागतं असंही नाही. आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यांनी आठवड्यामधल्या फेऱ्यांचे दर आधी पाहावेत. ते बहुधा कमी असतात.

निघताना एक्स्प्रेस-वेच्या भरवशावर राहू नका, घाटात एक ट्रक बंद पडला तरी दोन तास जातात आणि चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी बंद होते. चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेसने सीएसएमटी गाठलं की बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल जवळच आहे; त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. बुकिंग करताना मात्र "कंपनी देईल ती केबिन" असं स्वस्त तिकीट बोट लागणाऱ्याने घेऊ नये, कारण ती नाळेच्या टोकाशीही निघू शकते. पैसे भरण्याआधी एजंटकडे जहाजाचा डेक प्लॅन मागा, आपल्या केबिनच्या नंबरावर बोट ठेवायला सांगा, आणि तो प्लॅन दाखवत नसेल तर दुसऱ्या एजंटकडे जा.