अडीच मिनिटांची कसोटी

अमरावतीकराला खेळाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये थेट बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मैदानही शाळेइतकेच शिकवते, ही समजूत या मातीत मुरलेली आहे. पण टेबलावर मांडलेल्या मैदानात यंत्रमानव उतरवायचा आणि त्या खेळातून सहावी-सातवीच्या मुलांनी संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकायचे, असे म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. हे पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांचे खूळ, असे आपण ठरवून टाकतो.

ही समजूत अकोल्याच्या मुलींनी खोटी पाडली. मनुताई कन्या शाळेतील बारा ते चौदा वर्षांच्या, कष्टकरी घरांतल्या मुलींचा ‘किट्स एंजल्स’ हा संघ २०२०च्या आरंभी मुंबईतील ‘फर्स्ट लेगो लीग’ स्पर्धेत जिंकला आणि अमेरिकेतील स्पर्धेसाठी निवडला गेला. त्यांना शिकवणाऱ्या काजल राजवैद्य याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी.

१९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या स्पर्धेचा खेळ दिसायला सोपा आहे. मुलांनी जोडलेला यंत्रमानव अडीच मिनिटांत टेबलावरची कामे उरकतो. काही ढकलतो, काही उचलतो, काही आणून ठेवतो. मात्र हातात रिमोट नसतो. काय करायचे ते सारे आधीच प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते. एकदा यंत्र सुटले की मुलांनी पाहत राहायचे. वाट चुकल्यावर हात लावून ते सोडवले, तर गुण गमवावे लागतात.

खरे शिक्षण इथे सुरू होते. समजा, यंत्राला ८८ सेंटिमीटर जाऊन थांबायचे आहे आणि चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर आहे. फळ्यावर घोकलेले ‘बावीस सप्तमांश’ अचानक उपयोगी पडते. चाकाचा परीघ १७.६ सेंटिमीटर, म्हणजे पाच फेरे. तरीही यंत्र दोन बोटे आधीच थांबते. चाक घसरले का? सुरुवातीला यंत्र तिरके ठेवले होते का? एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावे लागते. यंत्र कुणाचे ऐकत नाही. आपल्या मनातले ओळखत नाही, फक्त लिहिलेले करते. ‘सर, मला असे म्हणायचे होते’ ही सबब तिथे चालत नाही. आणि चूक झाली म्हणून कुणी रागावतही नाही. लाल शाईला भिऊन वाढलेल्या मुलांना ही केवढी मोठी मोकळीक!

स्पर्धा म्हटली की एक धोका येतोच. अमरावती काय, अकोला काय, शिकवणी वर्गांची सवय आपल्याला जुनी आहे. उद्या प्रोग्रॅम सरांनी लिहायचा, यंत्र पालकांनी जोडायचे आणि ढाल घेऊन छायाचित्रापुरती मुले उभी करायची, असेही होऊ शकते. या स्पर्धेत म्हणूनच परीक्षक मुलांनाच प्रश्न विचारतात. तुम्ही हे असे का केले? उसने शहाणपण त्या एका प्रश्नाला उघडे पडते.

दुसरा प्रश्न साधनांचा. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी सहावी ते बारावीच्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पाने आणखी पन्नास हजारांची घोषणा केली. पण संच कपाटात आला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. हरवेल, मोडेल या भीतीने कपाटाला कुलूप लागले, तर वीस लाखही वाया. अकोल्याच्या मुलींना संचाइतकीच गरज होती ती सोबत बसणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस त्यांच्याच शाळेतून शिकून गेलेला निघाला.

अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातली एक दुपार जवळच्या शाळेला दिली, तरी पुष्कळ होईल. त्यातून प्रत्येक संघ अमेरिकेला जाणार नाही, जाण्याची गरजही नाही. आपल्या पोट्ट्यांनी न घाबरता चुकावे, चूक स्वतः शोधावी आणि यंत्र पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर ठेवावे, एवढे साधले तरी खेळ जिंकला म्हणायचा.